पाणी चढतं तेव्हा : फोर्ट ऑगस्टसच्या पाच लॉकचं रसग्रहण

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, लॉख नेस या लांबलचक तळ्याच्या दक्षिण टोकाशी, फोर्ट ऑगस्टस नावाचं लहानसं गाव आहे. ब्रिटनच्या सहलीला निघालेल्या मराठी मंडळींच्या बसही इथं थांबतात. बसमधून उतरलेल्या माणसाचे पाय आपसूक तळ्याकडे वळतात, कारण १९३३पासून जगभर गाजलेल्या तिथल्या अजस्र प्राण्याची कथा त्याच्या कानावर आलेली असते. काठावर फोटो, बोटीतून एक फेरी, हातात गरम कॉफी, की निघाली बस पुढच्या मुक्कामाला. या गावातली सर्वांत थोर गोष्ट मात्र तळ्याकडे पाठ फिरवल्यावर दिसते. गावाच्या ऐन मधून, दोन्ही अंगांना हिरवळ, दुकानं आणि घरं घेऊन, पाण्याच्या पाच पायऱ्या वर चढत गेल्या आहेत. कॅलिडोनियन कालव्यातली ही पाच लॉकची सलग मालिका. दोनशे वर्षांपूर्वी दगड, लोखंड, लाकूड आणि चिकणमाती यांतून ती उभी राहिली आणि आजही तिच्यातून बोटी जा-ये करतात.

एखाद्या चांगल्या कवितेचं रसग्रहण करावं तसं या मालिकेचं करावं असं मला फार वाटतं. तिची रचना कशी आहे, लय कुठून येते, विराम कुठं पडतो, कर्त्यांनी काय घेतलं आणि काय गाळलं, हे तिच्यात डोळ्यांनी वाचता येतं. त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. ज्या कारणांसाठी हा कालवा खोदला गेला त्यांतलं जवळजवळ एकही कारण टिकलं नाही. तरीही रचना टिकली, आणि तिच्यापाशी माणसं अजून थांबतात. हेतू सरल्यावर एखाद्या निर्मितीत काय उरतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी जागा माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

आधी शब्दार्थ लागला पाहिजे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी खण. खालच्या पातळीवरची बोट आत येते, मागचे दरवाजे मिटतात, वरच्या बाजूचं पाणी झडपांतून आत सोडलं जातं, पाण्याबरोबर बोट वर येते, मग पुढचे दरवाजे उघडतात. उतरताना हाच क्रम उलटा. बोट उचलायला पंप लागत नाही, यारी लागत नाही. वरून खाली जाणं हा पाण्याचा स्वभाव, आणि त्या स्वभावाच्याच आधारे बोट खालून वर जाते. इथला प्रत्येक खण सुमारे १८० फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. एकेका खणात बोट साधारण आठ फूट चढते, म्हणजे पाच खणांत चाळीसएक फूट. ढोबळ हिशोबानं एका भरण्याला सोळा लाख लिटर पाणी लागतं.

आता खालच्या लॉकच्या काठावर उभं राहून एक आवर्तन नीट पाहू. तळ्याकडून एक शिडाची बोट आली आहे. शिडं गुंडाळलेली, डोलकाठी उघडी. बोट खणात शिरते तेव्हा काठावरून पाहणाऱ्याला तिचं छप्पर पायांच्या खाली दिसतं. दोन्ही बाजूंच्या भिंती ओल्या आणि काळपट. खालच्या अंगाला शेवाळाचा हिरवा पट्टा, आणि जिथवर पाणी चढतं तिथं एक सरळ रेघ. त्या रेघेच्या वरचा दगड कोरडा, उजळ. बोटीवरच्या माणसानं पुढचा, नाळेचा, आणि मागचा, वरामाचा, असे दोन दोर काठावर फेकलेले असतात. ते धरून त्याचे सोबती उभे. पुढच्या बंद दरवाजांच्या फटीतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडत असतात. लॉककीपर झडपा उघडतो आणि खणाच्या पुढच्या भागात पाणी तळातून उसळू लागतं. त्या उसळीनं बोट मागं रेटली जाते, नाळेचा दोर ताठ होतो. काही क्षण दोर धरणाऱ्याला पाय रोवावे लागतात. मग बोट वर येऊ लागते तसतसा दोर सैल पडतो, आणि जेवढा सैल पडेल तेवढा तो ओढून घेत जातो. त्याच्या हातांची हालचाल आणि पाण्याची चढण एकाच गतीनं चालते. पाणी किती वर आलं हे मोजायला दुसरं साधन नको. दोराकडे पाहिलं की कळतं.

मग उसळी मंदावते. पृष्ठभाग सपाट होतो. बोट आता काठाच्या बरोबरीला आलेली असते, तिच्यावरची माणसं हिरवळीवर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या पातळीत. आणि पुढचे दरवाजे हलतात.

या एका क्षणात संपूर्ण रचनेचं मर्म आहे. लॉकचे दोन दरवाजे बंद होतात तेव्हा सरळ रेषेत मिटत नाहीत. एकमेकांना टेकून ते एक बोथट कोन करतात आणि त्या कोनाचं टोक वरच्या पाण्याकडे असतं. ही युक्ती पंधराव्या शतकाच्या अखेरीची, लिओनार्दो दा विंचीच्या नावे सांगितली जाणारी. वरच्या पाण्याचा भार दरवाजांवर येतो तसे ते एकमेकांवर अधिकच घट्ट दाबले जातात. म्हणजे ज्या पाण्याला अडवायचं तेच पाणी दार लावून धरतं. खालच्या आणि वरच्या पातळीत थोडाही फरक असेल तोवर हे दार उघडायला अचाट जोर लागेल, आणि पातळी एक झाली की तेच दार सहज फिरतं. माणसाचं काम एवढंच, की योग्य वेळी झडप उघडायची आणि पाण्याला बरोबरीला येऊ द्यायचं. घाई करून उपयोग नाही, जबरदस्तीला वाव नाही. शेकडो टन पाणी इथं आपापसांत समेट घडवून आणतं आणि त्यानंतरच वाट मोकळी होते. कोरड्या यंत्रशास्त्रात याला दाबाचं संतुलन म्हणतात. काठावर उभं राहून पाहणाऱ्याच्या मनात मात्र तो क्षण एखाद्या उत्तम ओळीसारखा उमटतो, कारण त्यात सांगितलेलं आणि घडलेलं एकच असतं.

असं एकदा घडलं असतं तर ते चातुर्य ठरलं असतं. पाचदा सलग घडतं म्हणून त्याला रचना म्हणायचं. एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्या लॉकचा खालचा दरवाजा आहे, त्यामुळे पाच खणांना दरवाजांच्या जोड्या सहाच. मध्ये मोकळी जागा नाही, एक संपताच दुसरा सुरू. ख्यालातली एकच बंदिश प्रत्येक आवर्तनात थोडी वर सरकत समेवर यावी, तसा प्रत्येक खण आधीच्याचंच रूप घेऊन आठ फूट उंचावर पुन्हा सुरू होतो. पहिल्या खणात आपण नवखे असतो, सगळंच नवं वाटतं. दुसऱ्यात काय होणार ते कळलेलं असतं. तिसऱ्यापासून लक्ष बारकाव्यांकडे जातं, पाण्याचा रंग, दगडांच्या सांध्यातली गवताची पाती, दोर आवळणाऱ्या हातांची आता बसलेली सवय. पुनरुक्तीतून दृष्टी तीक्ष्ण होते हा अनुभव आपल्याला अभंगातल्या ध्रुवपदापासून ठाऊक आहे.

सलग मालिकेला स्वतःचं व्याकरणही आहे. मधल्या खणांत बोटींना एकमेकींना ओलांडून जाता येत नाही, म्हणून एका वेळी एकाच दिशेची वाहतूक चालते. चढणाऱ्या बोटींचा एक ताफा आत घेतात, तो वर पोचला की उतरणाऱ्यांची पाळी. यात पाण्याचा मोठा हिशोब आहे. उतरणारी बोट वरून पहिल्या खणातून दुसऱ्यात जाते तेव्हा पहिल्या खणातलं पाणीच दुसऱ्यात उतरतं, तेच पुढं तिसऱ्यात. वरच्या खणातलं भरणं बोटीची सोबत करत तळापर्यंत येतं. चढताना प्रत्येक खण वरच्या खणाकडून पाणी घेतो आणि सर्वांत वरचा कालव्याकडून. ताफा वर गेला की मागचे सगळे खण भरलेले राहतात, खाली उतरला की सगळे रिकामे. म्हणून दिशा बदलायची तर मधले खण मुद्दाम भरावे किंवा सोडावे लागतात, आणि एकाच दिशेनं लागोपाठ बोटी गेल्या तर पाणी वाचतं. वाट पाहायला लावण्यामागे असं पक्कं गणित आहे.

या वाट पाहण्याबद्दल एका मोठ्या प्रवासिनीनं तक्रार नोंदवली आहे. राणी व्हिक्टोरिया १८७३च्या सप्टेंबरमध्ये ‘गोंडोलियर’ या चाकांच्या आगबोटीतून या कालव्यातून गेली. कालव्याच्या स्थापत्याचं तिला कौतुक वाटलं, पण त्यातून प्रवास करणं फार कंटाळवाणं वाटलं. तिचंही खरंच आहे. पोचायची ओढ असलेल्याला पाच लॉक ओलांडण्यातला तासाभराहून जास्त वेळ जड जाणारच. बोटीच्या डेकवरून ही रचना दिसते तुकड्यातुकड्यांनी, समोर दगडी भिंत आणि वर आकाशाची पट्टी. ती पूर्ण दिसते काठावरून. म्हणून मला वाटतं, इथल्या रसिकाची जागा हिरवळीवर आहे. गावानंही ते ओळखलेलं दिसतं. उन्हाळ्यात दोन्ही उतारांवर माणसं बसतात, पोरं गवतावरून धावतात, कुत्री काठाकाठानं बोटीबरोबर चालतात. दोर धरून आपली बोट एका खणातून दुसऱ्यात चालवत नेणाऱ्या कुटुंबाशी अनोळखी लोक सहज बोलू लागतात, कुठून आलात, कुठवर जाणार. मालिकेच्या पायथ्याशी इनव्हरनेस आणि फोर्ट विल्यमला जोडणारा हमरस्ता फिरत्या पुलावरून कालवा ओलांडतो. बोट आली की पूल बाजूला फिरतो आणि ट्रक, बस, मोटारी दोन्हीकडे उभ्या राहतात. तेवढ्या वेळापुरता एका छोट्या बोटीचा मान सगळ्या रस्त्याला राखावा लागतो.

रचनेकडून कर्त्यांकडे वळू. निसर्गानं या मुलखात एक अफाट रेघ आधीच ओढून ठेवली होती. स्कॉटलंडच्या उत्तर भागाला ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत आरपार चिरणारा ग्रेट ग्लेन हा भूभंग सुमारे ४० कोटी वर्षं जुना. या चिरेत तळी ओळीनं भरलेली, डॉखफर, नेस, ऑइख आणि लॉखी. त्यांना जोडलं तर पूर्वेचा समुद्र पश्चिमेच्या समुद्राला मिळतो, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही सुचावं. जेम्स वॉटनं १७७०च्या दशकात या मार्गाची पाहणी केली होती. प्रत्यक्ष काम १८०३मध्ये थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांच्याकडे आलं. संपूर्ण जलमार्ग सुमारे ९७ किलोमीटरचा, त्यातला खोदलेला कालवा केवळ ३५ किलोमीटरांच्या आसपास. उरलेली वाट तळ्यांनीच दिली. आज मार्गावर २९ लॉक आहेत. सर्वांत उंच पाणी लॉख ऑइखचं, समुद्रसपाटीपासून १०६ फूट. फोर्ट ऑगस्टसचे पाच लॉक ही नेसपासून ऑइखपर्यंतच्या चढणीतली मुख्य उडी. तिच्यापुढे वाटेत आणखी दोनच सुटे लॉक लागतात, किट्रा आणि कलोखी.

टेलफर्ड मेंढपाळाचा मुलगा. बाप तो तान्हा असतानाच गेला. त्यानं पाथरवटाचं काम हातानं केलेलं, आणि तरुणपणी कविताही लिहिलेल्या. या मालिकेतल्या दगडकामाकडे पाहताना हे दोन्ही आठवतं. भिंतींच्या चिऱ्यांवर कोरीव नक्षी नाही, कमानदार मिरवणूक नाही, कुणाच्या नावाचं शिल्प नाही. सौंदर्य आहे ते प्रमाणात आणि सांध्यांत. काठाच्या दगडाची कड बोटीचा दोर घासून झिजू नये म्हणून गोलसर. अशा लॉकच्या तळाला दगडाची उलटी कमान घालत, म्हणजे खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबानं तळ उचलला जाऊ नये. हा भाग बांधून झाला की पाण्याखाली जातो आणि कुणालाही दिसत नाही. न दिसणाऱ्या ओळीवर इतकी मेहनत घेणारा कवी आपण थोर मानतो. जेसपचं नावही इथं आदरानं घ्यायला हवं. वयानं आणि अनुभवानं तो मोठा, रचनेवर त्याचा हात होता. १८१४मध्ये तो गेला आणि कालव्याचं सगळं श्रेय पुढं लोकांनी एकट्या टेलफर्डला दिलं.

या मालिकेला तिचा पहिला जाणता रसिक ती अपुरी असतानाच भेटला. इंग्लंडचा राजकवी रॉबर्ट साउदी १८१९मध्ये टेलफर्डबरोबर स्कॉटलंडच्या दौऱ्यावर आला. त्याची त्या प्रवासाची रोजनिशी ११० वर्षांनी, १९२९मध्ये, छापली गेली. फोर्ट ऑगस्टसला तो न्याहारीच्या आधीच लॉक पाहायला गेला. पाचांपैकी तीन पूर्ण झाले होते, चौथा अर्धा बांधून झाला होता, पाचव्याची खोदाई उरकत आली होती. माणसं हातगाड्या ढकलत होती, घोडे रुळांवरून दगड ओढत होते, चिकणमाती तुडवून पाझर बंद करण्याचं काम चाललं होतं. शेजारच्या नदीच्या पातळीखाली २४ फूट खोदायचं, आणि जमीन मोकळ्या खडीची, पाणी सतत आत झिरपणारी. ते उपसायला वाफेची तीन इंजिनं लावावी लागली होती. गाळ उपसणारं यंत्र फिरत होतं, आणि त्याच्या पोहऱ्यांतून वर येणारा गाळ आजवर कधी हवा-प्रकाशात आलाच नव्हता, हे साउदीच्या नजरेनं टिपलं. मला ही नजर फार मोलाची वाटते. इंजिनाच्या ताकदीवर थांबून चाललं असतं, पण कवीचं लक्ष चिखलाकडे गेलं, पहिल्यांदा उजेड पाहणाऱ्या मातीकडे. पुढं त्यानं या कालव्यासाठी तीन शिलालेखवजा कविता लिहिल्या, त्यांतली एक फोर्ट ऑगस्टससाठी.

साउदीनं पाहिलेली ती माणसं कोण होती? बहुतेक हायलँड्समधली, म्हणजे याच डोंगराळ मुलखातली. हा कालवा काढण्यामागे जी कारणं होती त्यांतलं एक म्हणजे हीच माणसं. जमीनदार मेंढ्यांसाठी जमिनी मोकळ्या करत होते आणि कुटुंबंच्या कुटुंबं अमेरिकेच्या वाटेला लागली होती. कामं काढली तर लोक घरी राहतील, असा टेलफर्डच्या अहवालाचा सूर होता. दुसरं कारण व्यापाराचं. उत्तर टोकाला वळसा घालताना केप रॅथ आणि पेंटलंडच्या सामुद्रधुनीत गलबतं फुटत. तिसरं युद्धाचं. नेपोलियनशी झुंज चालली होती आणि फ्रेंच चाच्यांपासून जहाजांना आतली सुरक्षित वाट हवी होती. अंदाज होता सात वर्षांचा आणि साडेतीन लाख पौंडांचा. लागली १९ वर्षं आणि ९ लाख पौंडांहून जास्त. माणसं कामावर येत, पण हेरिंग माशांचा हंगाम, जळणाचं पीट कापायचे दिवस, बटाट्याची काढणी आली की आपापल्या घरी जात. मुकादमांना याचा ताप होई. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. सरकारी कालवा आज आहे, उद्या संपेल. चूल पेटती ठेवणारं पीट आणि पोटाला लागणारा बटाटा त्यांच्या स्वतःच्या हातात होता.

ऑक्टोबर १८२२मध्ये कालवा खुला झाला तेव्हा नेपोलियन सेंट हेलेना बेटावर मरून वर्ष उलटलं होतं. ठरलेली २० फूट खोली गाठता आली नव्हती, आणि जहाजं तर मोठी होत चालली होती. वाफेच्या जहाजांना उत्तरेच्या वळशाची पूर्वीइतकी धास्ती उरली नाही. १८४३ ते १८४७ ही वर्षं कालवा बंद ठेवून दुरुस्ती आणि खोली वाढवण्याचं काम करावं लागलं. स्थलांतर तर थांबलंच नाही. जमाखर्चाच्या वहीत हे काम फसलं म्हणूनच नोंदलं जाईल, आणि ती नोंद चुकीची म्हणता येणार नाही.

तरीही मालिका टाकून दिली गेली नाही, याचं कारण काय? माझं उत्तर असं, की तिच्या कर्त्यांनी हेतू मोठा मानला, पण कारागिरी हेतूवर सोपवली नाही.  दरवाजांसाठी पुरेसं ओक लाकूड मिळेना तेव्हा ओतीव लोखंडाचे सांगाडे करून त्यांवर पाइनच्या फळ्या मढवल्या. त्यामुळे हेतू बदलत गेले तशी रचना नव्या नव्या हातांना उपयोगी पडत राहिली. हेरिंगच्या होड्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला जाण्यासाठी हीच वाट धरत. ‘गोंडोलियर’ १८६६पासून १९३९पर्यंत प्रवासी नेत राहिली. १९१८मध्ये उत्तर समुद्रात पेरायचे पाणसुरुंग अमेरिकेहून येऊन याच मार्गानं इनव्हरनेसकडे गेले. १९६०च्या दशकात हातानं फिरवायचे उभे रहाट जाऊन जलदाबाची यंत्रं आली. आज इथून जातात त्या मुख्यतः हौशी शिडाच्या आणि भाड्याच्या बोटी, आणि काठाकाठानं २००२पासून ग्रेट ग्लेन वे ही पायवाट.

या पाच पायऱ्यांचा अर्थ पूर्ण लागतो तो शेजारी कधीकाळी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका बांधकामामुळे. गावाचं जुनं नाव किलखुमिन, एका संताच्या चर्चवरून पडलेलं. १७१५च्या जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडानंतर जनरल वेडनं हायलँड्सवर वचक बसवण्यासाठी रस्ते आणि किल्ले बांधले. १७२९ ते १७४२ या काळात इथं किल्ला उभा राहिला आणि राजपुत्र विल्यम ऑगस्टसचं नाव त्याला देण्यात आलं. १७४६मध्ये जॅकोबाइटांचा एक गोळा दारूकोठारावर पडला आणि थोड्याच दिवसांच्या वेढ्यात किल्ला हातचा गेला. जॅकोबाइटांचा पाडाव करणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर तोच राजपुत्र इथं तळ देऊन राहिला, आणि आसपासच्या खोऱ्यांतली घरं जाळली गेली, गुरं हाकून नेली गेली. पुढं किल्ला निरुपयोगी ठरून विकला गेला, १८७६मध्ये ती जागा बेनेडिक्टाइन साधूंना मठासाठी मिळाली, आणि १९९८मध्ये मठही बंद झाला. गावाच्या नावात किल्ला आहे. गाव मात्र आपला दिवस काढतं तो लॉकच्या काठावर. एकाच राज्यसत्तेनं साठ-सत्तर वर्षांच्या अंतरानं एकाच गावात दोन बांधकामं केली. एक दाबून ठेवण्यासाठी, दुसरं जोडून घेण्यासाठी. कुठलं टिकलं हे शेजारी शेजारी उभं राहून पाहता येतं.

कालव्याला निर्दोष ठरवायची मात्र गरज नाही. त्याच्यासाठी घातलेल्या बांधामुळे लॉख नेसची पातळी वाढली आणि गावाजवळचं चेरी आयलंड हे चिमुकलं बेट आणखी आक्रसलं. १९०८मध्ये मठातले एक साधू, ओडो ब्लंडेल, पाणबुड्याचा पोशाख चढवून त्या बेटाच्या बुडाशी उतरले. तिथं त्यांना ओंडके आणि दगड रचलेले आढळले. बेट माणसांनीच बांधलेलं होतं. टेलफर्डच्या कितीतरी आधी कुणीतरी याच तळ्यात ओंडक्यावर ओंडका ठेवून पाय टेकायला जागा केली होती. नव्या रचनेनं जुन्या रचनेचा काही भाग बुडवला, हे सांगितल्याशिवाय रसग्रहण प्रामाणिक होणार नाही.

या मालिकेचा स्थायी रस कोणता? पहिल्या दर्शनी अद्भुत वाटतो, पाणी चढतं, बोट चढते, यंत्राचा गाजावाजा नाही. पण पाचव्या खणापर्यंत सोबत केल्यावर तो शांताकडे झुकतो. या शांततेत निष्क्रियता नाही. झडप उघडणारा, दोर धरणारा, सुकाणूवर बसलेला, प्रत्येक जण सावध आहे. फक्त कुणीही पाण्याच्या पुढं धावत नाही. आपल्या भोवतालची बहुतेक यंत्रं माणसाला थांबावं लागू नये म्हणून बनवलेली असतात. हे यंत्र थांबण्यावरच चालतं, आणि त्या थांबण्यात एकमेकांची पातळी गाठायला पुरेसा वेळ देतं.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. तळं जरूर पाहा, पण बोटीच्या फेरीतला थोडा वेळ वाचवा. खालच्या फिरत्या पुलापाशी उभं राहून एखादी वर निघालेली बोट निवडा आणि तिच्याबरोबर शेवटच्या लॉकपर्यंत चालत जा. मधून सोडून जाऊ नका. तिसऱ्या खणात येणारा थोडासा कंटाळा या रचनेचाच भाग आहे आणि तो ओलांडल्यावरच चौथा-पाचवा खण खऱ्या अर्थानं दिसतो. वर पोचल्यावर दोर गुंडाळणाऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. सरकारचं युद्ध, व्यापाऱ्यांचा नफा, अभियंत्यांचे अंदाज हे सगळं वजा झाल्यावरही एखादं काम लोकांना एकमेकांजवळ आणत राहतं, ते ते चोख केलेलं असतं म्हणून. फोर्ट ऑगस्टसचे पाच लॉक याचा दोनशे वर्षांचा पुरावा आहेत, आणि तो पुरावा तपासायला प्रत्येकाला खुला आहे.